रडारला नडलेली वाफ

पावसाळ्यात कळंब-वालचंदनगरवर ढग दाटून येतात आणि न बरसता पुढे निघून जातात. हा इंदापूर-बारामतीचा भाग म्हणजे पर्जन्यछायेचा पट्टा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 1973 ते 1986 या काळात अकरा पावसाळे बारामतीच्या परिसरात विमानातून ढगांत मीठ फवारलं. पाऊस सुमारे 24 टक्क्यांनी वाढला, असा निष्कर्ष निघाला. पण ढग बनण्याआधीची, डोळ्यांना न दिसणारी वाफ वर किती आहे, हे जमिनीवरून कसं मोजायचं? फुग्याला बांधलेलं रेडिओसोंड दिवसातून एक-दोनदाच वर जातं.

हे काम करणारा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर दुसऱ्या महायुद्धात जन्मला. अमेरिकेनं 1.25 सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार बनवलं होतं, पण दमट हवेत त्याला लांबचं दिसेना. वाफेचे रेणू याच सुमाराच्या लहरी शोषतात, असं भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हॅन व्लेक यांनी गणितानं आधीच सांगितलं होतं. तरुण भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी त्यातून वाट काढली. जे लहरी शोषतं, ते त्या सोडतंही. मग आपण काही न पाठवता नुसतं ऐकायचं! हा संकेत इतका क्षीण, की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत तो बुडून जाई. डिकींनी लहरींच्या नळीला खाच पाडून त्यात एक चकती फिरती ठेवली. सेकंदाला 30 वेळा यंत्र आलटून पालटून आकाश आणि ठाऊक तापमानाची चकती पाही. दोन्हींतला फरक तेवढा आकाशाचा. मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते. 1945 मध्ये त्यांनी हे यंत्र मुद्दाम दमट फ्लोरिडात नेऊन फुग्याच्या नोंदींशी ताडून पाहिलं.

वाफेची उंचीही याच लहरींतून कळते. खालच्या दाट हवेत रेणू सतत एकमेकांवर आदळतात, म्हणून वाफेच्या लहरींची 22.235 गिगाहर्ट्‌झभोवतीची वर्णरेषा पसरट होते. वर, विरळ हवेत ती टोकदार राहते. 50 ते 80 किलोमीटरवर दहा लाख रेणूंमागे वाफेचे जेमतेम काही. तेही 1977 पर्यंत जमिनीवरून मोजून झाले. मात्र खालची वाफ वरचा आवाज दाबते, त्यामुळे इतक्या वरची वाफ मोजणारे रेडिओमीटर हवाईतल्या मौना लोआसारख्या उंच, कोरड्या डोंगरांवर बसवतात.

आपल्याकडे 2012 पासून महाबळेश्वरला पुण्याच्याच संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे. तिथला रेडिओमीटर दहा किलोमीटरपर्यंतची वाफ दर काही मिनिटांनी सांगतो. त्याला नडतो तो पाऊसच. यंत्राच्या झाकणावर पाणी साचलं की आकडे फुगतात, म्हणून तिथे वारा फेकणारा पंखा बसवलेला असतो.