खडकाची भेग आणि माणसाची पाचर

पाचर म्हणजे काय हे खेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. भेगेत पाचर मारली की एवढा मोठा ओंडका उलतो. पण कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण तीच पाचर ठोकून तो घट्टही बसवतो. म्हणजे पाचर फोडते, तशी धरूनही ठेवते. खडकाच्या भेगेतून कडा चढण्याची जी विद्या आहे, तिचे सारे मर्म या धरून ठेवणाऱ्या पाचरीत आहे. त्या विद्येची हकीकत आज थोडक्यात सांगायची आहे.

इंग्लंडच्या वायव्य भागात सरोवरांचा एक डोंगराळ मुलूख आहे. तेथे वॉसडेल नावाच्या खोऱ्यावर ग्रेट गेबल हा डोंगर उभा आहे. त्याचा खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखाच ज्वालामुखीतून जन्मलेला, मात्र वयाने कितीतरी जुना. या डोंगराच्या कुशीत एक सुळका आहे, सुमारे ६० फूट उंचीचा. त्याला नेप्स नीडल, म्हणजे सुई, असे म्हणतात. आपल्याकडच्या कड्यांपुढे ६० फूट म्हणजे काहीच नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण एका विद्येचा पाळणा हलला तो याच सुळक्यावर, असे पुष्कळ गिर्यारोहक मानतात.

वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ नावाचे ऑक्सफर्डला शिकलेले एक गृहस्थ होते. १८८६ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस ते एकटेच या सुळक्यापाशी आले. बरोबर दोर नाही, सोबती नाही. सुळक्याच्या अंगावर एक खोल, तिरपी भेग होती. तिच्यात दगड अन् गवताचे चिखलट गड्डे ठासून भरलेले. त्या भेगेतून ते खांद्यापर्यंत चढले. वर माथ्याचा एकच प्रचंड धोंडा राहिला. तो सपाट आहे की गोल, हे खालून कळेना. मग त्यांनी काय करावे? लहान दगड वर भिरकावून पाहिले. काही दगड वरच राहिले, तेव्हा माथा सपाट आहे हे त्यांनी ताडले आणि ते वर गेले. माथ्यावर एका दगडाखाली आपला हातरुमाल दाबून ठेवला आणि आले तसे एकटेच खाली उतरले.

या चढाईत मोठे काय घडले? त्यापूर्वी डोंगर चढायचा तो शिखर गाठण्यासाठी. येथे एवढासा सुळका केवळ चढण्याच्या आनंदाकरिता चढला गेला. शिवाय खडकाला एक खिळादेखील मारला नाही. त्या भेगेची वाट आजही वॉसडेल क्रॅक या नावाने ओळखली जाते. अनुभवी माणसाबरोबर नवशिकेही ती चढतात. असंख्य हातापायांनी तिचा खडक गुळगुळीत झाला आहे, एवढेच.

आता भेगेतून चढायचे कसे? नवशिका दोन्ही हातांनी कड ओढत वर जाऊ पाहतो आणि घटकाभरात त्याचे दंड भरून येतात. जाणता माणूस भेगेत पंजा सरळ सारतो आणि अंगठा तळव्याकडे दुमडतो. पंजा फुगतो, दोन्ही बाजूंना दाबून बसतो. झाली पाचर! पायाचेही तसेच. पाऊल आडवे करून भेगेत घालायचे आणि गुडघा सरळ करीत ते पिळायचे. की पाय अडकलाच. अंगाचा भार पायांवर घ्यायचा, हातांनी नुसता तोल सांभाळायचा.

पण हात सुटला तर? येथे जिवाचा प्रश्न येतो. पुढे चढणाऱ्याचा दोर खालचा सोबती सांभाळतो खरा. पण मध्ये कुठेच आधार नसेल तर पुढचा माणूस जेवढा वर गेला असेल त्याच्या दुप्पट खाली येतो. त्यातून जुने तागाचे दोर अशा हिसक्याने तुटतही असत. म्हणून पुढच्याने पडायचेच नाही, असा तेव्हाचा दंडक होता. हळूहळू उपाय सुचत गेले. भेगेत एखादा धोंडा आपोआप अडकलेला असतो; त्याच्या मागून दोराचा वेढा घेऊ लागले. असा धोंडा नसेल तेथे १९२० च्या दशकात वेल्समधल्या कड्यांवर खिशातून खडे नेऊन भेगेत बसवू लागले. पुढे तेथल्या स्नोडन डोंगराच्या रेल्वेमार्गाकडेला पडलेले लोखंडी नट उचलून, त्यांतून दोरी ओवून तेच भेगेत अडकवू लागले. १९६१ मध्ये जॉन ब्रेल्सफर्ड या लोहारकाम शिकलेल्या माणसाने खास याच कामाचा नट घडवला. पुढचा माणूस तो बसवतो, मागून येणारा काढून घेतो. खडक होता तसाच राहतो.

दुसरीकडे मात्र पोलादी मेखा ठोकण्याची रीत होती. अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यांवर त्याच भेगांत मेखा ठोकून आणि उपटून भोके पडली. तेथला रॉयल रॉबिन्स इंग्लंडात नट पाहून गेला आणि १९६७ साली पत्नीसह नुसत्या नटांच्या आधाराने त्याने योसेमिटीत एक नवी वाट चढली. त्याहून थोर गोष्ट इव्हॉन शुइनार्डची. हा स्वतः भात्यावर मेखा घडवून विकणारा. मेखांवरच त्याचा धंदा उभा होता. तरीही खडकाची जखम पाहून १९७२ च्या आपल्या मालाच्या सूचिपत्रातच त्याने गिऱ्हाइकांना सांगितले, की मेखा सोडा, नट वापरा. आपल्याच मालाविरुद्ध बोलणारा दुकानदार विरळा, नाही का?

शिक्षकबंधूंना एक विनंती. ही हकीकत ऐकून मुले गावाबाहेरच्या कड्याकडे धावतील. त्यांना बजावून सांगा, की जाणता माणूस, भक्कम दोर आणि डोक्याला शिरस्त्राण, यांवाचून एक हातही वर जायचे नाही. चढणे सोपे वाटते. उतरणे कठीण असते. हॅस्केट स्मिथ एकटे गेले, ते अनुकरणासाठी नव्हे.

ते स्वतःच पुढे दोर बांधून गेले. १९३६ साली, सुळक्याच्या पहिल्या चढाईला पन्नास वर्षे होत आली तेव्हा, वयाच्या ७६ व्या वर्षी ते पुन्हा त्याच माथ्यावर चढले. या वेळी दोर होता, सोबती होते आणि खाली पाहणाऱ्यांची गर्दी होती. मधल्या काळात कितीतरी स्त्रीपुरुष त्याच वाटेने चढून गेले होते. प्रत्येकाने त्या खडकाचा आधार घेतला आणि मागून येणाऱ्यासाठी तो शिल्लक ठेवला. विहीर असो, गायरान असो की कडा असो, आपल्या आधी कुणीतरी राखले म्हणून ते आपल्याला मिळते. आपणही ते तसेच राखून पुढे द्यावे.