मोड, जेट आणि जोडणी : जुन्या शेगडीच्या व्यवहाराचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे पूर्णेच्या खोऱ्यातील गाव कापसाच्या पट्ट्यात मोडते. वेचणी संपल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोठ्याच्या आधाराने थापलेल्या गोवऱ्या एवढे जळण या पट्ट्यात जवळजवळ फुकट मिळत असल्याने विकतच्या इंधनाला येथील चुलीची जागा सहजासहजी घेता आली नाही. अशा प्रदेशात जुन्या गॅस-शेगडीची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती यांचा इतिहास पाहताना शेगडीच्या आधी इंधनाकडे पाहावे लागते, कारण कोणती शेगडी टिकवायची आणि कोणती भंगारात घालायची हे शेगडीच्या अवस्थेपेक्षा इंधन मिळवण्याच्या खटपटीनेच अधिक ठरवले.

गॅस-शेगडीच्या दुरुस्तीची कला रॉकेलच्या स्टोव्हवर घडली. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने 1892 मध्ये स्टॉकहोम येथे प्रायमस स्टोव्ह सिद्ध केला; त्यात पितळी टाकीतील रॉकेल पंपाने दाबाखाली आणून तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ केली जाते आणि ती वाफ हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. या यंत्राचा प्रत्येक भाग सुटा होत असे. पंपाचे चामडी वॉशर सुकले की तेल लावून मऊ करावे किंवा बदलावे, छिद्रात काजळी धरली की पिन घालावी, टाकी गळू लागली की डाग द्यावा, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूने सांधा बुजवावा, एवढ्यावर स्टोव्ह पुन्हा पेटे. त्याला टिकवून धरणारे दुसरे कारण मात्र कारागिरीबाहेरचे होते. महाराष्ट्रातील भांड्यांच्या दुकानांत जुनी तांब्या-पितळेची भांडी वजनावर देऊन त्यांचे मोल नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करून घेण्याची रीत आहे. अशा जुन्या धातूला मोड म्हणतात. टाकी पितळेची असल्यामुळे निकामी स्टोव्हलाही मोडीचा भाव होता, आणि म्हणून जुन्या स्टोव्हची किंमत एका मर्यादेखाली कधी घसरत नसे. दुरुस्ती करणाऱ्याला हा आधार पुरेसा होता.

मुंबईत कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे 1865 मध्येच रस्त्यांवर लागले होते, परंतु नळातून येणारा तो वायू शहराबाहेर जाणे शक्य नव्हते. सिलिंडरमध्ये भरता येणारा द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे दाबाखाली द्रव झालेले प्रोपेन व ब्यूटेन, 1955 च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने मुंबईत आणला. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ 1965 मध्ये आला, आणि 1974 ते 1977 या काळात एस्सो, बर्मा-शेल व कॅलटेक्स या विदेशी कंपन्यांचे देशातील व्यवहार सरकारच्या ताब्यात गेले. पुढील काळात जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गीय घरांचा सर्वसाधारण अनुभव झाला. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो: सिलिंडर आणि रेग्युलेटर अनामत रक्कम घेऊन दिलेले, म्हणजे मालकीने कंपनीचेच, जोडणी एका व्यक्तीच्या नावावर, स्वतःची अशी वस्तू फक्त शेगडी. त्यामुळे नियमाप्रमाणे मोकळेपणाने विकता येण्यासारखी एकटी शेगडीच उरत होती, आणि जिची खरी टंचाई होती ती जोडणी मात्र बाजारात उतरू शकत नव्हती. वितरक नव्या जोडणीसोबत नवी शेगडी गळ्यात बांधत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येई. ग्राहकाने शेगडी कोठून घ्यावी यावर बंधन नाही, हे सरकारला स्पष्ट करावे लागले यातच त्या तक्रारीचे वजन दिसते.

जुनी शेगडी सुधारणे हे वरवर पाहता सोपे, पण काही ठिकाणी चुकीला जागा न देणारे काम आहे. उतू गेलेल्या दुधा-वरणाने बुजलेली पितळी बर्नरची छिद्रे चिंचेच्या पाण्यात भिजवून मोकळी करता येतात, आणि ही रीत घरोघरी तांब्या-पितळेची भांडी घासताना आधीच मुरलेली होती. कॉक, म्हणजे वायू सोडणारी चावी, आत निमुळत्या पितळी खुंटीवर फिरते. तिच्यावरील वंगण वाळले की ती जड होते किंवा गळते, म्हणून खुंटी काढून, पुसून, उष्णतेला टिकणारे वंगण लावून परत बसवतात. ज्योत पिवळी असेल तर हवा कमी पडते आणि भांडी काळी होतात. ज्योत बर्नर सोडून वर उचलली तर हवा जास्त होते. सांध्यांची तपासणी साबणाच्या फेसाने करतात, काडी पेटवून कधीही नाही, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. रबरी नळी जुनी कधीच ठेवू नये आणि रेग्युलेटर उघडू नये, या दोन नियमांना कोणताही जाणता कारागीर अपवाद करीत नाही.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरातील स्त्रीच्या नावाने जोडणी मिळू लागली. योजनेतील आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे मराठवाड्यातच दिली गेली. 2021 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिला भरलेला सिलिंडरही मोफत झाला. जुन्या शेगडीचे सामान्य गिऱ्हाईक येथे संपले, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र चूल सुटली असा त्याचा अर्थ नव्हे, कारण सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च पऱ्हाट्यांच्या शेजारी उभा राहतोच. शिवाय शेगडीचा सांगाडा आता पातळ पत्र्याचा झाल्याने मोडीचा जुना आधारही सुटला. लोखंडी भंगार वितळवून सळ्या करणारे पोलाद कारखाने जालना शहरातच आहेत, तेव्हा मोडक्या शेगडीला कारागिरापेक्षा भट्टीची वाट जवळची ठरते.

तरीही वापरलेली शेगडी शहरातील नातेवाइकांच्या घरून गावाकडे येते, आणि तिच्यासोबत एक नवा धोका येतो. मुंबईत 1995 मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने नळाने नैसर्गिक वायू पुरवण्यास आरंभ केला, पुढे पुण्यातही तशी सोय झाली, आणि त्या घरांतील शेगड्यांचे जेट, म्हणजे वायू बाहेर सोडणारी बारीक छिद्रांची पितळी तोंडे, बदलण्यात आली. सिलिंडरमधील वायू समान घनफळात नैसर्गिक वायूच्या दुपटीहून अधिक उष्णता देतो, त्यामुळे नळाच्या वायूसाठीचे छिद्र मोठे असते. तेच जेट ठेवून शेगडी सिलिंडरला जोडल्यास ज्योत भडकते, पिवळी पडते आणि काजळी धरते. केदारखेड्यासारख्या गावात, जेथे स्वयंपाकाचा वायू सिलिंडरनेच येतो, वापरलेली शेगडी घेणाऱ्याने बर्नर चकाकतो की नाही हे पाहण्याआधी ती नळाच्या वायूवर चालली होती काय हे विचारावे, आणि तशी असल्यास जेट बदलून घेतल्याखेरीज ती पेटवू नये.