पॉम्पेईची यक्षी आणि तेरचे पांढरीचे टेकाड

१/ इटलीच्या सहलीला गेलेला भारतीय पर्यटक पॉम्पेईचे अवशेष आवर्जून पाहतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे रोमन नगर. तेथे सापडलेल्या एका मूर्तीचा माग मात्र थेट मराठवाड्यापर्यंत येतो.

२/ १९३८ साली पॉम्पेईतील एका घरात सुमारे २५ सें.मी. उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अंगावर दागिन्यांचा साज, दोन बाजूंना दोन लहान सेविका आणि घडण निःसंशय भारतीय. प्रथम तिला 'लक्ष्मी' म्हटले गेले. आज अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

३/ ती घडली कोठे? आरंभी मथुरेचे नाव पुढे आले. पुढे तेर (जि. धाराशिव) आणि भोकरदन (जि. जालना) येथील तत्सम हस्तिदंती मूर्तींमुळे सातवाहनकालीन दख्खनचा दावा बळकट झाला.

४/ तरीही वाद मिटलेला नाही. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी प्रामुख्याने वायव्य भारतातली. म्हणून 'ही मूर्ती महाराष्ट्रातूनच गेली' हे विधान सिद्ध सत्य नव्हे, सबळ शक्यता आहे.

५/ त्या शक्यतेला व्यापारमार्गाचा आधार आहे. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो : भडोचहून दक्षिणेस २० दिवसांवर पैठण, तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर, म्हणजेच तेर. पैठणचे मौल्यवान दगड आणि तगरचे कापड बैलगाड्यांतून भडोच बंदराला जाई.

६/ तिकडून इकडे आलेल्या खुणाही आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आज तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तेरला रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदके मिळाली.

७/ पॉम्पेईला राखेने जपले. तेरला तसे कवच लाभले नाही. जुन्या वस्तीवरच नवे गाव नांदत राहिले. तेथील पुरावशेष मोठ्या प्रमाणात वाचले ते लामतुरे कुटुंबाच्या संग्रहामुळे. त्यातूनच तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

८/ यवतमाळच्या महागावातील विद्यार्थ्याला नेपल्स कदाचित परवडणार नाही. तेर मात्र एका दिवसाच्या प्रवासावर आहे. रोमन जगाच्या व्यापाराचे दुसरे टोक तेथे पाहता येते.