शास्त्रीय गद्यातील प्रथमपुरुष : इंग्रजी आणि स्पॅनिश

विद्वत्तापूर्ण लेखनात ‘मी’ म्हणू नये, हा दंडक आज इतका अंगवळणी पडला आहे की तो शास्त्रीय गद्याच्या जन्मापासूनचाच असावा, असा समज होतो. इंग्रजीचा इतिहास मात्र उलट साक्ष देतो. रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये हवेच्या पंपावरील प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो आपल्या पुतण्याला लिहिलेल्या पत्राच्या रूपात. त्यात प्रयोगकर्ता स्वतः बोलतो. फसलेले प्रयोगही लपवीत नाही. १६७२ मध्ये न्यूटनने प्रकाश व रंग यांविषयी रॉयल सोसायटीला पाठविलेले पत्रही लोलक मिळवून खोली अंधारी केल्याच्या आत्मनिवेदनानेच सुरू होते. हा ‘मी’ अहंकाराचा नव्हे, साक्षीदाराचा होता. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, तपशीलवार निवेदनातून वाचकालाही प्रयोगाचा साक्षीदार करून घेणे हा या शैलीचा हेतू होता. अर्थात ही साक्ष प्रतिष्ठित गृहस्थाची होती. पंप प्रत्यक्ष चालविणारे बहुतेक हात निनावीच राहिले. ‘मी’ होता, तेव्हाही तो सर्वांचा नव्हता.

‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मधील १६७५ ते १९७५ या तीन शतकांच्या लेखांचा ड्वाइट अ‍ॅटकिन्सन यांनी अभ्यास केला. त्यात लेखककेंद्री गद्य हळूहळू वस्तुकेंद्री होत गेल्याचे दिसते. विश्वासाचा आधार गृहस्थाच्या शब्दाकडून पद्धतीकडे सरकला आणि कर्मणी प्रयोगाने कर्त्याची जागा घेतली. तरीही प्रथमपुरुष कधी पूर्णपणे हद्दपार झाला नाही. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा लेख ‘आम्ही’ या शब्दानेच सुरू होतो.

स्पॅनिशची वाट वेगळी आहे. बेनेडिक्टाइन साधू फेइखो यांनी १७२६ पासून ‘तेआत्रो क्रितिको उनिव्हेर्साल’चे खंड लॅटिनऐवजी कॅस्टिलियन भाषेत प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतःच्या नावाने लोकभ्रमांशी वाद घालतात. पुढील विद्वत्प्रघातात मात्र दोन रूपे विशेष रुजली : ‘से’ या निपाताची अकर्तृक रचना, आणि एकट्या लेखकानेही वापरावयाचे ‘विनयाचे अनेकवचन’. हा विनय थोडा फसवाच म्हणावा लागेल. कारण राजे आणि बिशप यांच्या फर्मानांतील ‘आम्ही’शी त्याचे रूप जुळते.

तौलनिक अभ्यासाची खरी अडचण येथूनच सुरू होते. इंग्रजीत सर्वनाम टाळले की कर्ताच नाहीसा होतो. स्पॅनिशमध्ये पुरुष आणि वचन क्रियापदाच्या प्रत्ययात असतात. ‘नोसोत्रोस’ न लिहिताही ‘ओब्सेर्वामोस’ म्हटले की ‘आम्ही’ उमटतोच. मराठी वाचकाला हे नवे नाही. ‘जातो’, ‘जाते’ म्हणताना ‘मी’ उच्चारावा लागत नाही. तेव्हा दोन्ही भाषांतील लेख घेऊन केवळ सर्वनामांची मोजणी करणे, आणि स्पॅनिश लेखक अधिक निरहंकारी असतो असा निष्कर्ष काढणे, म्हणजे व्याकरणाला स्वभाव समजणे होय. मोजणी क्रियापदांच्या प्रत्ययांचीही व्हावयास हवी. शिवाय जेथे वगळणे हीच रीत, तेथे सर्वनामाचा उच्चार सहसा विरोध किंवा भर दर्शवितो. इंग्रजी ‘आय’ आणि स्पॅनिश ‘यो’ एकाच रकान्यात मांडता येत नाहीत, ते यामुळेच.

लिंगाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘नोसोत्रोस’ पुल्लिंगी, ‘नोसोत्रास’ स्त्रीलिंगी. इंग्रजी ‘वुई’ला हा भेद नाही आणि ‘ओब्सेर्वामोस’लाही नाही. सर्वनाम वगळणारी स्पॅनिश लेखिका आपले लिंगही सांगत नाही. मराठीत सर्वनाम वगळले तरी ‘जाते’तून ते कळतेच, साम्य तेथे संपते.

याचा ताण सर्वाधिक जाणवतो तो अनुवादात. ‘ओब्सेर्वामोस’ हे रूप वर्तमानाचेही आहे आणि भूतकाळाचेही. ते संदर्भाने सुटते. पण एकट्या लेखकाचे हे अनेकवचन इंग्रजीत नेताना ‘आय’, ‘वुई’ की कर्मणी, याची निवड अनुवादकालाच करावी लागते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेची २०१९ ची सातवी आवृत्ती एकट्या लेखकाला ‘आय’ वापरण्यास सांगते. तेव्हा त्या मूळ वाक्यात लेखकाने जी जबाबदारी अनेकवचनाआड ठेवली होती, ती अनुवादात त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होते.