ठिणगी कोठे हरवली? जुन्या लष्करी ट्रकच्या 'पॉइंट'चा इतिहास (धागा)

१/१५
दुसऱ्या महायुद्धातला एक अमेरिकी ट्रक वर्षानुवर्षे शेडमध्ये उभा आहे. ताजे पेट्रोल घातले, बॅटरी जोडली, स्टार्टर दाबला. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी जाणकार मेकॅनिक एकही भाग घाईने बदलत नाही. तो प्रथम एकच प्रश्न विचारतो : प्लगवर ठिणगी पडते का?

२/१५
या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याचा हात बोनेटखाली ज्या क्रमाने फिरतो, त्या क्रमातच प्रज्वलनाचा इतिहास दडलेला आहे. तेथील प्रत्येक भाग म्हणजे आधीच्या पिढीला छळलेल्या एखाद्या अडचणीवरचा तोडगा होय. 'सीसीकेडब्ल्यू' या जीएमसीच्या अडीच टनी लष्करी ट्रकच्या आधारे हा इतिहास पाहू.

३/१५
पेट्रोल इंजिनाला योग्य क्षणी ठिणगी मिळाली नाही, तर ते निव्वळ लोखंड. १८६० मध्ये एत्येन लन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. डाइमलर यांनी पुढे ज्योतीने तापवलेली नळी वापरली. नळी तापलेली राही, पण पेट घेण्याचा क्षण हवा तसा पुढेमागे करता येत नसे. बेन्झ यांनी बॅटरी व कॉइलचा मार्ग धरला. मात्र त्या काळच्या बॅटऱ्या लवकर संपत.

४/१५
१९०२ मध्ये बॉश कंपनीतील गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. फिरत्या चुंबकीय यंत्रणेतूनच वीज मिळू लागली. बॅटरीची गरज उरली नाही. परंतु इंजिन हळू फिरले की ठिणगीही अशक्त होई, आणि हाताने हँडल मारताना इंजिन हळूच फिरते. शिवाय ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे उसळे. त्यात मनगटे मोडत.

५/१५
येथे चार्ल्स केटरिंग यांचा प्रवेश होतो. १९०९ मध्ये अमेरिकेतील डेटन शहरी त्यांनी सहकाऱ्यांसह 'डेल्को' कंपनी स्थापली. त्यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलनव्यवस्था कॅडिलॅकच्या १९१० च्या मॉडेलसाठी घेतली गेली; १९१२ च्या मॉडेलवर त्यांचा विजेचा स्टार्टर आला. हँडल मारण्याची सक्ती संपण्यास येथून आरंभ झाला.

६/१५
या व्यवस्थेचे मर्म असे. कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र उभे राहते. डिस्ट्रिब्यूटरमधील दोन छोटे संपर्कबिंदू, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतले 'पॉइंट', नेमक्या क्षणी उघडतात. प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते, आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर तो दाब ज्याच्या त्याच्या प्लगकडे पाठवतो. ठिणगी प्रवाह जोडल्याने नव्हे, तोडल्याने पडते, हे येथे ध्यानात ठेवावे.

७/१५
केटरिंग १९२० ते १९४७ या काळात जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्याच कंपनीच्या जीएमसी विभागाने १९४१ ते १९४५ दरम्यान साडेपाच लाखांहून अधिक सीसीकेडब्ल्यू ट्रक बांधले. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, ६ व्होल्टची विद्युतव्यवस्था, आणि ठिणगीसाठी तीच बॅटरी, कॉइल व पॉइंटची जुनी योजना.

८/१५
फ्रान्समध्ये २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात 'रेड बॉल एक्सप्रेस' नावाची रसदवाहतूक अशाच ट्रकांनी पेलली. तिच्या चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. २९ ऑगस्ट रोजी ५,९५८ वाहनांनी १२,३४२ टन माल पुढे नेला. इंजिन पेटले नाही, तर आघाडीवरच्या रणगाड्याचे इंधन वाटेतच अडकणार, असा हा हिशेब होता.

९/१५
आपल्या बाजूला, आसामातील लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणखी एक शत्रू होता : दमट हवा. पहिला वाहनतांडा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. ओलाव्याची एक पातळ रेघ डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत साचली, की हजारो व्होल्ट प्लगपर्यंत न जाता त्या रेघेवरून निसटतात. कोरड्या फडक्याने टोपी आतून पुसणे हा येथे किरकोळ सोपस्कार राहत नाही.

१०/१५
आता पुन्हा शेडमधल्या ट्रककडे. पहिली तपासणी बॅटरीची आणि अर्थिंगची. ६ व्होल्टच्या गाडीत स्टार्टर इतका प्रवाह ओढतो की कॉइलच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. वायर बारीक असेल किंवा चासीवरची अर्थिंगची जागा गंजलेली असेल, तर इंजिन रखडत फिरते आणि ठिणगी मरते. कित्येकदा 'बिघाड' गंजलेल्या एका बोल्टखालीच सापडतो.

११/१५
दुसरी तपासणी ठिणगीची. कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर धरतात आणि स्टार्टर मारतात. पेट्रोलचा वास येत असेल, तर हा प्रयोग मुळीच करू नये. निळसर, कडकडीत ठिणगी दिसली, तर दोष पुढे : रोटर, टोपी, वायरी किंवा प्लगमध्ये. दिसली नाही, तर दोष मागे : कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सरमध्ये. एका परीक्षेने अर्धे रान मोकळे होते.

१२/१५
दीर्घकाळ उभ्या गाडीत बहुधा अपराधी निघतात पॉइंट. हवेमुळे त्यांवर न दिसणारा थर चढतो. पॉइंट मिटतात, पण प्रवाह वाहत नाही. आणि जो प्रवाह जुळलाच नाही, तो तुटणार कसा? कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला टेस्ट लॅम्प लावून इंजिन फिरवावे. दिवा लुकलुकला, तर पॉइंट काम करत आहेत. सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट प्रवाह जोडत नाहीत. पेटलाच नाही, तर वीज तेथवर पोहोचत नाही, अथवा वाटेत थेट अर्थ होते. पॉइंट हलकेच घासून, पुसून त्यांच्यातील सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट जुळवली, की अनेक म्हातारे ट्रक जागे होतात.

१३/१५
पॉइंट जळके आणि ठिणगी पिवळट, अशक्त असेल, तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडू नये आणि प्रवाह झटक्यात तुटावा, हे त्याचे काम. जुन्या कंडेन्सरमध्ये धातूच्या पट्ट्यांमध्ये कागद असतो. दशकांच्या ओलाव्याने तो निकामी होतो. ठिणगी ठीक असूनही इंजिन केवळ फटाके फोडत असेल, तर वायरींचा क्रम पाहावा : या इंजिनाचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे.

१४/१५
पाण्याचा प्रश्न अमेरिकी लष्कराने युद्धानंतर मुळातून हाताळला : १९५० च्या सुमारास आलेल्या एम-३८ जीपमध्ये २४ व्होल्टची, बंदिस्त, जलरोधक प्रज्वलनव्यवस्था दिली. भारतात कथा निराळ्या वाटेने गेली. मुंबईत १९२८ पासून जनरल मोटर्सच्या गाड्या जुळवल्या जात, त्यामुळे पॉइंट आणि कॉइल येथील मेकॅनिकांच्या हातात आधीच रुळले होते. पण १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपुरात डिझेल ट्रक बांधण्यास आरंभ केला. डिझेल इंजिन हवा दाबून तापवते. त्याला ठिणगीच लागत नाही. ट्रकच्या गॅरेजमधून पॉइंट घासण्याची कला हळूहळू ओसरू लागली.

१५/१५
आज जुन्या गाडीत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवले, की कटकट संपते. रोज चालवायच्या गाडीसाठी ते योग्यही आहे. मात्र काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर भंगारात देऊ नका. चिठ्ठी लावून त्याच गाडीच्या डब्यात ठेवा. किल्ल्याचा दगड बदलताना आपण जुन्याची नोंद ठेवतो, तशीच येथेही हवी. आणि तुमच्या गावात पेट्रोल ट्रक दुरुस्त केलेला एखादा वयोवृद्ध मेकॅनिक असेल, तर त्याच्याजवळ बसून विचारा : ठिणगी हरवली, की तुम्ही आधी कोठे पाहत होता? त्याचे उत्तर लिहून ठेवा. या इतिहासाचे दफ्तर त्याच्याच हातांत आहे.