एरी, टँक आणि तळे : चेन्नईच्या लोकनिर्मित नकाशातील संज्ञांचा प्रश्न

नकाशाचा इतिहास हा सामान्यतः सत्तेचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि चेन्नईच्या बाबतीत तर त्याला सबळ कारणही आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टन याने याच शहराजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास घेतली आणि पुढे हिमालयापर्यंत पोहोचलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ झाला. त्या सर्वेक्षणात कोणत्या वस्तूला काय म्हणावयाचे, हा प्रश्न वादाचा नव्हता. चिन्हे वरून ठरत, खालचा मोजणीदार ती वापरी. त्यानंतर दोन शतकांनी, २००४ साली स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या प्रकल्पाने ही रीत उलटी केली. नकाशा कोणीही काढावा, दुसऱ्याने काढलेला कोणीही दुरुस्त करावा आणि वस्तूंची वर्गवारी करणारे शब्दही काढणाऱ्यांनी आपापसात ठरवावेत, अशी ही व्यवस्था आहे. प्रस्तुत लेखात या शब्द ठरविण्याच्या प्रक्रियेचा, आणि विशेषतः चेन्नई परिसरातील पाण्याच्या संदर्भात तिच्यातून उभ्या राहिलेल्या पेचाचा विचार करावयाचा आहे. मराठीच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु परिभाषा कोणी घडवावी हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेला राज्यव्यवहारकोश आणि महाराष्ट्र शासनाचा पदनामकोश ही या प्रश्नाची राजसत्तेने दिलेली दोन उत्तरे आहेत. येथे राजसत्ता नाही, एवढाच फरक; पण तो फार मोठा आहे.

या नकाशातील प्रत्येक रेषा किंवा बिंदू यांना 'टॅग' जोडलेले असतात. टॅग म्हणजे एक जोडी : डावीकडे गुणाचे नाव, उजवीकडे त्याचे मूल्य. 'हायवे' या गुणाला 'प्रायमरी' हे मूल्य दिले की रस्ता एका विशिष्ट रंगात आणि जाडीत उमटतो. कोणताही नवा टॅग वापरण्यास तत्त्वतः मज्जाव नाही. मात्र ज्याला आपला शब्द सर्वांनी वापरावा असे वाटते, त्याने त्याचा प्रस्ताव लिहावयाचा, त्यावर चर्चा घडू द्यावयाची आणि शेवटी मतदान घ्यावयाचे, अशी पद्धत रुळली आहे. मताने संमत झालेला शब्दही बंधनकारक होत नाही. लोक तो वापरतात की नाही, यावरच त्याचे भवितव्य अवलंबून असते. भाषाशास्त्रज्ञाला हे वाचताना ओळखीचे हसू यावे. कोशकाराने कितीही बजावले तरी प्रयोगशरणतेवाचून शब्दाला गती नाही, हा अनुभव येथे संगणकाच्या नोंदींतून आकड्यानिशी दिसतो.

या शब्दांची जन्मभूमी इंग्लंड असल्यामुळे त्यांच्यामागचा भूप्रदेशही इंग्लंडचाच आहे. टॅग ब्रिटिश इंग्रजी वर्णलेखनात लिहावेत असा संकेत आहे. रस्त्यांची 'ट्रंक', 'प्रायमरी', 'सेकंडरी' ही उतरंड ब्रिटनमधील रस्त्यांच्या वर्गवारीवर बेतलेली आहे. भारतीय स्वयंसेवकांनी तिचे भाषांतर केले ते असे : राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे सेकंडरी. हा करार सोयीचा होता, पण त्यात प्रशासकीय दर्जा आणि रस्त्याचे प्रत्यक्ष महत्त्व यांची सांगड घातली गेली आणि ती प्रत्येक ठिकाणी टिकेना. त्यातच २००७ साली एका डच कंपनीने भारतातील मुख्य रस्त्यांची आपली माहिती प्रकल्पाला देणगी म्हणून दिली. रिकाम्या नकाशाला एका रात्रीत सांगाडा मिळाला. तो ओबडधोबड होता, आणि पुढे उपग्रहचित्रे उपलब्ध झाल्यावर त्याच्या रेषा प्रत्यक्ष रस्त्यांवर आणून बसविण्याचे काम हाताने करावे लागले. २०१० साली केंद्र शासनाने सर्व राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. ठाण्याहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर या मार्गाने चेन्नईस येणारा जुना चार क्रमांकाचा महामार्ग दिल्ली ते चेन्नई अशा अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या मार्गात सामावला गेला. साताऱ्याकडचे लोक अजूनही 'एन. एच. फोर'च म्हणतात. नकाशात मात्र तुकड्यातुकड्याने जोडलेल्या त्या रेषेवरील प्रत्येक खंडाचा क्रमांक बदलणे आले, जुना क्रमांक वेगळ्या घरात जपणे आले. शिवाय अक्षरे आणि अंक यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी, आडवी रेघ द्यावी की दोन्ही जोडून लिहावे, हाही प्रश्न आला. कारण माणसाला जे एकच वाटते ते यंत्राला तीन वेगळे महामार्ग वाटतात.

सफाईचे काम असे बहुतांशी कंटाळवाणे असते. परंतु पाण्याच्या बाबतीत ते तसे राहत नाही.

तमिळनाडूत लहानमोठ्या सुमारे ३९ हजार एरी आहेत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. एरी म्हणजे उतारावर मातीचा लांबच लांब बांध घालून पावसाचे पाणी अडविलेला विस्तीर्ण, उथळ जलसाठा. त्याला पाणी सोडण्याचे दार असते, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा असतो, आणि एका एरीचा सांडवा खालच्या दुसऱ्या एरीला पाणी पुरवितो. चेन्नईभोवतीचा चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूर हा सारा मुलूख अशा साखळ्यांनी बांधलेला आहे. कांचीपुरमनजीकच्या उत्तिरमेरूर येथील, पहिल्या परांतक चोळाच्या काळातील इसवी सनाच्या दहाव्या शतकारंभीच्या शिलालेखांत गावसभेच्या समित्यांची निवड कशी करावी याचे नियम कोरलेले आहेत. त्या समित्यांत एक 'एरी वारियम्' म्हणजे एरीची देखभाल करणारी समिती आहे. एरी ही केवळ भौगोलिक वस्तू नव्हे, ती एक संस्था आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही.

आता ही वस्तू नकाशात कोणत्या टॅगने दाखवावी? 'लेक' म्हणावे तर ती निसर्गनिर्मित नाही. 'पाँड' म्हणावे तर चेंबरमबाक्कमसारखी एरी मैलोगणती पसरलेली. 'रेझर्व्हायर' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. परंतु त्यातून डोळ्यांपुढे येते ते काँक्रीटच्या धरणाआडचे बारमाही पाणी. गंमत अशी की, भारतातील इंग्रजीत या वस्तूला अचूक शब्द दोन-तीन शतके प्रचारात होता, तो म्हणजे 'टँक'. कंपनीच्या दप्तरांत, गॅझेटिअरांत, पाटबंधारे खात्याच्या कागदांत एरीला टँकच म्हटलेले आढळते. या शब्दाच्या व्युत्पत्तीत गुजराती-मराठी 'टांके' आणि पोर्तुगीज 'तांक' यांची सरमिसळ मानली जाते. आपल्या किल्ल्यांवरील खोदीव टाकी त्याच कुळातली. पण ब्रिटनमधील चालू इंग्रजीत टँक म्हणजे पत्र्याची किंवा काँक्रीटची टाकी, आणि नकाशाच्या परिभाषेत त्याच अर्थाने तो शब्द आधीच बसलेला आहे. आपल्याकडून गेलेला शब्द आपल्याच वस्तूसाठी वापरण्याची वाट अशी बंद झाली.

यावर तोडगा निघाला तो अंशतः. प्रारंभी जलाशयाची नोंद 'लँडयूज' म्हणजे जमिनीचा वापर या गुणाखाली केली जात असे. २०११ साली संमत झालेल्या प्रस्तावानुसार सर्व पाण्याला आधी 'नॅचरल = वॉटर' म्हणावे आणि मग 'वॉटर' या उपगुणाने त्याचा प्रकार सांगावा, अशी दुसरी रीत आली. दोन्ही रीती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदत राहिल्या. जुने टॅग एका फटक्यात यंत्राने बदलून टाकणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. परंतु असा यांत्रिक बदल आगाऊ चर्चेशिवाय करू नये, असा प्रकल्पाचा दंडक आहे. बाहेरच्याला हा दंडक आडमुठेपणाचा वाटतो. माझ्या मते तो या साऱ्या रचनेतील सर्वांत शहाणा नियम होय. जुन्या टॅगमागे कोणी तरी त्या जागी उभे राहून केलेला निर्णय असू शकतो. यंत्र तो निर्णय न वाचताच पुसते. हस्तलिखितांचे पाठ 'शुद्ध' करून छापणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील आपल्या संपादकांनी काय काय पुसले, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे अधिक सांगावयास नको.

या शब्दांच्या काटेकोरपणाची किंमत किती, हे १ डिसेंबर २०१५ नंतरच्या दिवसांत कळले. अतिवृष्टीने भरलेल्या चेंबरमबाक्कममधून अड्यार नदीत सोडलेला विसर्ग २९ हजार घनफूट प्रतिसेकंदापर्यंत गेला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली आला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने पुढे या आपत्तीला मानवनिर्मित ठरविले. त्या दिवसांत ओपनस्ट्रीटमॅपच्या रस्त्यांवर आधारित एक नकाशा तयार करण्यात आला. त्यावर नागरिकांनी आपापला बुडालेला रस्ता निवडून नोंदवावयाचा होता. स्वयंसेवकांनी आधीची काही वर्षे गल्लीबोळ काढून ठेवले होते म्हणूनच हे शक्य झाले. जो रस्ता नकाशात नव्हता, तो बुडाला असे सांगण्याची सोय मात्र त्यात नव्हती.

साडेतीन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, तेच चेंबरमबाक्कम जवळजवळ कोरडे पडले होते. शहराला पाणी पुरविणारे पूंडी, चोळावरम आणि पुळल हे जलाशयही त्याच अवस्थेत होते. त्या उन्हाळ्यातील उपग्रहचित्र पुढ्यात घेऊन दूरदेशीचा एखादा स्वयंसेवक बसला, तर त्याला तेथे तपकिरी जमीन दिसणार. त्याने पाण्याची सीमारेषा आत ओढली तर त्याला खोटे ठरविता येत नाही. त्याने दिसते तेच काढले. 'मोसमी' किंवा 'खंडित' अशा अर्थाचे टॅग उपलब्ध आहेत. परंतु आटलेली एरी ही पाण्याचा अभाव नसून एरीचीच एक ऋतुकालीन अवस्था आहे, ही समज टॅगच्या मूल्यात मावत नाही. शासनाच्या महसुली दप्तरात एरीची हद्द तिच्या पूर्ण भरलेल्या रेषेपर्यंत असते आणि पडीक वाटणाऱ्या नेमक्या त्याच पट्ट्यावर अतिक्रमण होते. नकाशा काढणाऱ्याने हद्द काढावयाची की पाणी, हा म्हणूनच निव्वळ तांत्रिक मतभेद राहत नाही. मला विचाराल तर बांध, सांडवा आणि पूर्ण पातळीची रेषा आधी काढावी, पाणी नंतर. बांध वर्षभर दिसतो.

नावांचा प्रश्न याहून जुना. एकोणिसाव्या शतकातील मोजणीदारांनी कानाला आले तसे लिहिले. १८७०च्या दशकात विल्यम विल्सन हंटर याच्या पद्धतीने भारतीय स्थलनामांचे रोमन लेखन नियमबद्ध केले गेले, पण मद्रास, बॉम्बे, कलकत्ता अशा रूढ नावांना सूट मिळाली. तमिळनाडू शासनाने जून २०२० मध्ये १,०१८ स्थलनामांचे इंग्रजी लेखन तमिळ उच्चाराबरहुकूम करण्याचा आदेश प्रसिद्ध केला. लेखनाच्या पद्धतीवर टीका झाली आणि थोड्याच दिवसांत तो मागे घेण्यात आला. 'ट्रिप्लिकेन'च्या मागे 'तिरुवल्लिक्केणी' हे नाव आहे. अल्ली म्हणजे कुमुद आणि केणी म्हणजे तळे, अशी त्याची उकल केली जाते. इंग्रजी रूपात हे तळे आटून गेलेले आहे. स्वयंसेवकांच्या नकाशात मुख्य नाव, तमिळ नाव, इंग्रजी नाव, जुने नाव, पर्यायी नाव यांना स्वतंत्र घरे आहेत, त्यामुळे एका नावासाठी दुसरे खोडावे लागत नाही. तरीही मुख्य घरात कोणती लिपी असावी, हा वाद भारतात वारंवार उपस्थित झालेला आहे.

मराठी नावासाठीही तेथे एक घर आहे आणि ते भरण्याचे काम आपले आहे. मराठी कागदपत्रांत जिंजी ही 'चंदी' आहे, तंजावर हे 'चंदावर' आहे, पाँडिचेरी ही 'फुलचेरी' आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा दीर्घ मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दप्तर आहे. ही नावे मराठीच्या घरात आजचे रूप म्हणून घालणे चुकीचे होईल, कारण आजचा मराठी माणूस 'चंदावर' म्हणत नाही. जुन्या नावाच्या घरात, भाषेच्या खुणेसह, ती घालता येतात. त्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही, दप्तर वाचता येणारा माणूस लागतो. आपल्या विभागांतून मोडी शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम का दिले जात नाही, असे मी एकदोनदा विचारले आहे. ते अभ्यासक्रमात बसत नाही, असे उत्तर मिळते.

जे अस्तित्वात नाही त्याचे काय करावे, हा शेवटचा पेच. या नकाशाचा मूळ नियम असा की, जमिनीवर जाऊन जे पडताळता येते तेवढेच काढावे. १९२०च्या दशकात चेन्नईतील 'लाँग टँक' ही प्रचंड एरी बुजवून त्यागराय नगर वसविण्यात आले. नुंगंबाक्कमच्या तळ्याच्या जागेवर १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले. पडताळणीच्या नियमाने ही तळी नकाशात येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी ऐतिहासिक वस्तूंचा एक वेगळा लोकनिर्मित नकाशा चालविला जातो. तेथे प्रत्येक वस्तूला आरंभाची आणि अंताची तारीख देता येते. चालू नकाशात पश्चिम मांबळमचा 'लेक व्ह्यू रोड' आहे, नुंगंबाक्कमचा 'टँक बंड रोड' आहे. दोन्ही नावे पाट्यांवर लिहिलेली असल्यामुळे नियमानुसार नोंदविलेली आहेत, आणि सफाई करणाऱ्या कोणीही आजवर त्यांना हरकत घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.