आजोबांची फियाट आणि एक जुना बग

गेले तीन वीकेंड मी एक बग शोधत होतो. ऑफिसातला नव्हे (तिथले बग सोमवार ते शुक्रवार शोधायचे असतात). हा बग आजोबांच्या फियाटमधला. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८६. पण आमच्या घरात कोणीही तिला पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही.

लक्षण असं: गाडी रस्त्यावर ठीक पळते, पण सिग्नलला थांबली की थडथडायला लागते. स्टिअरिंग हलतं, आरसा हलतो, आणि आजोबांचा पाय रेसवरून निघाला की इंजिन बंद. मागून हॉर्न. आजोबा ८१ वर्षांचे. त्यांना हॉर्नचं काही वाटत नाही, मला वाटतं.

नेहमीच्या मिस्त्रींनी प्लग, पॉइंट, कंडेन्सर बदलून पाहिले. मग कान लावून ऐकलं आणि निकाल दिला, "व्हॉल्व्ह जळलाय. हाफ इंजिन करावं लागेल." खर्च ऐकून बाबा म्हणाले, काढून टाकू. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि यंदा पुन्हा पाळी होती. पीयूसीतही ती नापास झाली होती. आजोबा काहीच बोलले नाहीत, हेच वाईट होतं. म्हणून मी म्हटलं, मला तीन शनिवार द्या.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा बग कळत नाही.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलेंडर. गुणाकार करून बघा, बरोबर येतो. हीच मापं १९३७ सालच्या फियाट ५०८ सी या गाडीच्या इंजिनाची आहेत. तिचा डिझायनर दान्ते जाकोसा. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तुरीनमध्ये ठरलेली मापं कुर्ल्याच्या कारखान्यात थेट २००० सालाच्या आसपासपर्यंत चालू राहिली! आपल्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. तोही असाच, कोणी हात लावत नाही म्हणून टिकतो.

हात का लावला नाही? वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली १९४४ मध्ये. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचं धोरण आलं: नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये कारखाना बंद करून गेली. प्रीमियरने त्याच सुमारास फियाट ११०० घेतली आणि मग तीच धरून ठेवली. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव मिळालं. बाहेरून पत्रा बदलला, आत तेच. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून उभं असताना इंजिन सुधारायची कोणाला घाई असणार? याचा एक परिणाम मात्र असा, की मुंबई-पुण्यातल्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या एकाच इंजिनावर घडल्या. मुंबईच्या हजारो काळ्यापिवळ्या टॅक्सी याच इंजिनावर चालल्या, शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या मिस्त्रींना टायमिंग लाइटची गरज नव्हती, कान पुरत असे. निदान तसा समज आहे.

आणि आता मूळ मुद्दा. इंजिनाला पळण्यापेक्षा उभं राहणं अवघड का जातं?

कार्ब्युरेटरची युक्ती सोपी आहे. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये ती रूढ केली: हवेचा झोत अरुंद गळ्यातून नेला की तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल फवाऱ्यासारखं वर खेचलं जातं. पण त्यासाठी हवा जोरात वाहायला हवी. आयडलिंगला थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद, हवा जेमतेम, गळ्यात ओढच नाही. म्हणून पाकळीच्या खाली एक वेगळं बारीक भोक ठेवतात आणि त्याला पेट्रोल देणारा वेगळा जेट. आपले मिस्त्री त्याला स्लो जेट म्हणतात. पाकळी बंद असताना तिच्या खाली, मेनिफोल्डमध्ये, सगळ्यात जास्त व्हॅक्यूम असतो, त्यामुळे पेट्रोल तिथून ओढलं जातं. आता याच ठिकाणी कुठे फट असेल तर? तीच ओढ फटीतून चोरटी हवा आत घेते आणि मिश्रण पातळ होतं. ॲक्सिलरेटर दाबला की पाकळी उघडते, ओढ कमी होते, मूळ हवा इतकी वाढते की चोरटी हवा त्यात कुठल्या कुठे हरवते. म्हणून गाडी पळताना शहाणी आणि सिग्नलला वेडी.

हिशेब केला: ८०० आरपीएमला चार सिलेंडर मिळून सेकंदाला साधारण २७ स्फोट. कानाला ही सरमिसळ उलगडणं कठीणच. १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ओबीडी-दोन सक्तीचं झालं, तेव्हापासून मिसफायर कॉम्प्युटर मोजतो. आपल्याकडे ही व्यवस्था भारत स्टेज चारबरोबर, २०१० नंतर आली. फियाटमध्ये लॉग फाइल नाही. प्रिंट स्टेटमेंट घालावी तसं एकेक तपासायचं.

पहिला शनिवार. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढली (इन्सुलेटेड पक्कड वापरा, मी पहिल्यांदा वापरली नाही आणि झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या). व्हॉल्व्ह जळला असता तर त्या सिलेंडरची वायर काढून काहीच फरक पडला नसता. पण चारही वेळा इंजिन सारखंच पडलं. कॉम्प्रेशन मोजलं: चारही १२० पीएसआयच्या आसपास. म्हणजे दोष कोणा एका सिलेंडरचा नाही, चौघांच्या सामायिक वाटेवरचा.

दुसरा शनिवार. उसना व्हॅक्यूम गेज. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच दाखवतं. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणून दोनेक इंच वजा करायचे. माझा काटा १२ वर, स्थिर. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठराविक लयीत खाली आपटला असता. स्थिर पण कमी याचा अर्थ टायमिंग उशिरा किंवा फट. टायमिंग लाइट लावला, टायमिंग बरोबर होतं.

खरा पुरावा मात्र आजोबांच्या फाइलमध्ये सापडला. त्यांनी पीयूसीच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्यात. जुन्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. नापास पावतीवर मोनॉक्साइड ०.५ टक्के, हायड्रोकार्बन १९०० च्या वर! मोनॉक्साइड कमी म्हणजे मिश्रण पातळ. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे ते इतकं पातळ, की मधूनमधून पेटतच नाही आणि पेट्रोल तसंच बाहेर. लॉग फाइल होती की! मीच वाचली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी कार्ब्युरेटरच्या बुडाशी इंजिन ऑइलचे थेंब सोडले. एका कोपऱ्यात तेल आत खेचलं गेलं आणि थडथड दोन-तीन सेकंद थांबली. कार्ब्युरेटर उतरवला. कोणीतरी कधीतरी नट जरुरीपेक्षा जास्त आवळले होते आणि फ्लॅन्ज वाकला होता. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तासभर घासून सपाट केला, दोन नवी पॅकिंग टाकली, स्लो जेट फुंकून साफ केला आणि मिश्रणाचा स्क्रू पुन्हा लावला. खर्च तीनशेच्या आत.

जुन्या मिस्त्रींच्या कानांबद्दल आपल्याकडे बरंच हळवं लिहिलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे. त्या कानांनी हजारो गाड्या चालत्या ठेवल्या हे खरंच. पण चांगल्या मेकॅनिककडे गेजही असायचा. आमच्या मिस्त्रींचा पहिला अंदाज वाईट नव्हता, फक्त तो तपासण्याआधीच त्यांनी इंजिन खोलायचा भाव सांगितला.

परवा पीयूसी झाली. मोनॉक्साइड १.८, हायड्रोकार्बन ४१०. आजोबांनी पावती फाइलला लावली, गाडीत बसले, सुरू केली आणि थोडा वेळ नुसती उभी ठेवली. मग म्हणाले, "अरे, त्या मिस्त्रीला यातलं काही सांगू नकोस हां. वाईट वाटेल त्याला."